मे महिन्यातला स्वेटर

डोकं आतून रिकामं असल्याचा छापील कागद हातात घेऊन येणाऱ्या बायका मी नोकरीत इतक्या पाहिल्या, की पुढे पुढे त्या मला दारातूनच ओळखू यायच्या. एमआरआयचा तो भलामोठा पांढरा लिफाफा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला असायचा, चेहरा उतरलेला, आणि मागे नवरा हसू दाबत उभा. एकाला ते दाबता आलं नाही. म्हणाला, हे मी लग्नापासून सांगतोय, मशिनला आत्ता कळलं. त्याची बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. तिनं त्याच्याकडे नुसतं वळून पाहिलं, तर माझ्याच हातातली सुई थांबली. रक्त देऊन झाल्यावर तिनं मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "अक्का, हे शिक्षण खात्याला कळवावं लागतं का?"

मी इतकी हसले की मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. मग आत येऊन तिला सांगितलं, की बाई, तुमचा मेंदू जागच्या जागी आहे. रिकामं म्हणतात ते दुसरंच काहीतरी.

मी महानंदा. राहायला भवानी पेठेत, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी. आयुष्यभर काम केलं ते लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं आणि त्यातले हार्मोन मोजायचं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिहून द्या असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, सुई आणि रक्त वाचून लोक हातातला लाडू खाली ठेवतील. पण आमच्या खात्यात रक्तापेक्षा हसू जास्त सांडलंय, म्हणून लिहायला बसले. लाडू खात खात वाचा, काही होत नाही.

आधी ते रिकामं काय ते सांगते. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या तळाशी, हाडात एक खळगा असतो. घोड्याच्या खोगिरासारखा त्याचा आकार. त्या खळग्यात एक ग्रंथी बसलेली असते, पिट्युटरी तिचं नाव, आकार शेंगदाण्याएवढा. सोलापूरच्या माणसाला शेंगदाण्याचं माप सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. हा शेंगदाणा सगळ्या अंगाचा कारभार बघतो. गळ्यातल्या थायरॉइडला हाक मारतो, मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथींना कामाला लावतो, पाळी आणतो, बाळंतिणीला दूध आणतो. काही बायकांच्या त्या खळग्यात मेंदूभोवतीचं पाणी उतरतं आणि शेंगदाण्याला दाबून दाबून तळाला पातळ करून टाकतं. फोटोत मग खळगा रिकामा दिसतो. त्याला डॉक्टर लोक एम्प्टी सेला म्हणतात. ग्रंथी कुठं गेलेली नसते, चपटी होऊन कोपऱ्यात पडलेली असते, आणि बहुतेकींची ती तशा अवस्थेतही सगळा कारभार बिनबोभाट बघते. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी भिंतीला टेकून बसायच्या, पण घरात मिठाचा डबासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय हलायचा नाही. तसंच ते.

पण काही जणींचा कारभारी खरंच दमलेला असतो. ते फोटोत कळत नाही, रक्तात कळतं. म्हणून आमच्या हार्मोनच्या डॉक्टर, त्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडमच म्हणायचो, असा लिफाफा आला की पेशंटला जिन्यानं खाली माझ्याकडे पाठवायच्या. वर त्यांचा दवाखाना, खाली आमची लॅब.

खाली आलं की माझी खुर्ची. खिडकीपाशी लाकडी हातांची एक जुनी खुर्ची होती. प्रोलॅक्टिन नावाचा जो दुधाचा हार्मोन आहे ना, तो मोठा घाबरट. जिना धावत चढलात, वाढला. रिक्षावाल्याशी भांडलात, वाढला. सुई बघितली, वाढला. लगेच रक्त काढलं तर आकडा खोटा येतो आणि बाईला नसलेला आजार चिकटतो. म्हणून अर्धा तास गप्प बसवायचं. बोलायचं नाही, मोबाइल नाही, हातात काम नाही. नियम त्या एका तपासणीपुरता, पण मी सगळ्यांनाच बसवायची. बसा, कुंद्री, कूचोंडी, बैठो, असं माणूस बघून चार भाषांत सांगायची.

सांगते तुम्हाला, बायकांना सुई टोचलेली चालते, पण अर्धा तास गप्प बसवत नाही. पहिली पाच मिनिटं त्या खुर्चीत अशा बसायच्या, जणू खाली विंचू आहे. एकीनं पिशवीतून लसूण काढून सोलायला घेतला. एकीनं माझ्या खिडकीचे गज पदरानं पुसले. पद्मशाली गल्लीतली एक आजी मान खाली घालून गप्प बसलीय म्हणून मी खूश, जवळ जाऊन बघते तर बोटांवर घरातल्या चादरींचे नग मोजत होती. आणि दहा मिनिटं सरली की मात्र त्यांचे खांदे खाली यायचे. काही घोरायच्या. एक बाई तर पंधरा दिवसांनी पुन्हा आली, हातात चिठ्ठी नाही, काही नाही. म्हणाली, तपासायचं काही नाही, जरा बसू का? मी म्हटलं बसा.

तर अशाच एका मे महिन्यात सुरेखा आली.

आमच्याकडचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. डांबर चपलेला चिकटतं, नळाला आपोआप गरम पाणी येतं. त्या दिवशी पंखा फुल होता आणि तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तेवढ्यात दारातून मरून रंगाचा लोकरीचा स्वेटर घातलेली एक बाई आत आली. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, वरून पदर घट्ट लपेटलेला, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. मागे तिची सासू, शेवंताबाई. मंद्रूपहून सकाळच्या एसटीनं दोघी आल्या होत्या. शेवंताबाईंच्या हातात लिफाफा होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सून तीस वर्षांची आहे पण हिच्यापेक्षा त्यांची म्हैस बरी. सकाळी उठत नाही, उठली तर बसते, बसली तर झोपते. डोकं दुखतं म्हणून मुलानं एवढा मोठा फोटो काढायला लावला आणि त्यात काय निघालं तर रिकामं. मी सुरेखाला नाव विचारलं, तर सांगायला तिला इतका वेळ लागला की मला वाटलं, ऐकूच गेलं नाही.

मी तिला खुर्चीत बसवलं. माझ्या नोकरीत त्या खुर्चीत न चुळबुळता बसलेली ती एकटीच. ठेवलेलं गाठोडं बसावं तशी बसली. शेवंताबाई मला म्हणाल्या, बघा, हितंबी झोपली.

आता मॅडमच्या चिठ्ठीवर दोन-चार तपासण्या होत्या, त्या मी करणारच होते. पण तो स्वेटर माझ्या डोक्यातून जाईना. पट्टा बांधताना बघितलं, कातडी कोरडी, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ, हात गार. मे महिन्यात सोलापुरात गार हात! मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलं किती? एक मुलगी, सात वर्षांची. बाळंतपण कसं झालं? तर शेवंताबाईच म्हणाल्या, लई रक्त गेलं, बाटल्या चढवल्या, मरता मरता वाचली. दूध आलं होतं का? थेंब न्हाय. शेळीच्या दुधावर पोर वाढवली मी. आणि पाळी? इथं शेवंताबाई लिफाफा सावरायला लागल्या. मग सुरेखा पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, तवापासनं न्हाय.

बाळंतपणात पिट्युटरी मोठी झालेली असते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं तेव्हाच अंगातलं रक्त एकदम गेलं, तर ती आतल्या आत सुकते. शेंगदाणा सुकला की खळगा रिकामा. म्हणजे या बाईच्या डोक्यातला कारभारी सात वर्षांपूर्वीच आडवा झाला होता, आणि सात वर्षं घरातले हिला आळशी म्हणत होते.

मी शेवंताबाईंना एवढंच म्हटलं, की ही आळशी नसेल, आजारी असेल. तर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "तुमच्याच लॅबनं लिवलंय की, हिला काय न्हाय झालेलं."

कागद दोन वर्षांपूर्वीचा. टीएसएच नावाची तपासणी, निकाल नॉर्मल. खाली सही महानंदा, चांगली ठसठशीत.

टीएसएच म्हणजे काय, तर पिट्युटरीनं थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड ढिली पडली की पिट्युटरी जोरात ओरडते, आकडा चढतो, आम्ही पकडतो. पण ओरडणारीच दमलेली असली तर? हाक ना मोठी, ना लहान. आकडा नॉर्मलच्या चौकटीत शहाण्यासारखा बसून राहतो आणि खाली थायरॉइडचा खरा हार्मोन तळ गाठतो. त्या वेळी चिठ्ठीवर फक्त टीएसएच होतं, मी तेवढंच केलं. नियमानं माझं काही चुकलं नव्हतं. पण तो कागद दोन वर्षं त्या घरात पुराव्यासारखा वापरला गेला. सुरेखा अंथरुणातून उठली नाही की सासू तो काढायची. हे मला सुरेखानं पुढे सांगितलं.

मी वर धावले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, अक्का, तुम्ही खाली काय करताय, वर बसा की माझ्या खुर्चीत. मग लगेच यादी वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉर्टिसोल. हा हार्मोन सकाळी भरात असतो, म्हणून सकाळीच मोजायचा. अंगावर संकट आलं की माणसाला उभं ठेवतो तो हा. सुरेखाचा आकडा मशिननं दिला तेव्हा मला वाटलं मशिन बिघडलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तळाला होता, जवळजवळ नव्हताच. थायरॉइडचा खरा हार्मोनही तळाला. आणि टीएसएच बघा, पुन्हा नॉर्मल! मी त्या आकड्याला कन्नडमध्ये एक शिवी दिली, ती इथं छापता येणार नाही.

औषध सोपं होतं, पण क्रम महत्त्वाचा. आधी कॉर्टिसोलची भरपाई करणारी गोळी, काही दिवसांनी थायरॉइडची. उलट केलं तर थायरॉइडची गोळी अंगाला पळवते आणि पळायचं बळच नसतं, माणूस कोसळतो. मॅडमनी हे दोनदा समजावलं. पहिली गोळी एक दिवसही चुकवायची नाही असंही सांगितलं. एक कार्ड लिहून दिलं, की ही बाई या गोळीवर आहे, बेशुद्ध पडली किंवा उलट्या होऊ लागल्या तर ताबडतोब अमुक इंजेक्शन द्या, खाली मॅडमचा नंबर. ते कार्ड कायम जवळ ठेवायचं. मग मॅडम मला म्हणाल्या, अक्का, तुमच्या भाषेत नीट समजावून पाकिटांवर लिहून द्या. मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं. थायरॉइडच्या पाकिटावर, सकाळी उपाशीपोटी. दुसऱ्या, कॉर्टिसोलच्या पाकिटावर, जेवणानंतर.

जेवणानंतर. हा शब्द लक्षात ठेवा.

पुढचे दोन महिने म्हणजे काय सांगू! दर खेपेला दारातून वेगळीच बाई यायची. आधी स्वेटरचं वरचं बटण उघडलं, मग खालचं, मग स्वेटर हातावर आला, आणि आषाढात तर आलाच नाही. नाव विचारल्यावर ती पटकन सांगायला लागली. मग न विचारता बोलायला लागली. खुर्चीत तिला गप्प बसवणं मला जड जाऊ लागलं. शेवंताबाईंची नवीनच तक्रार सुरू झाली, की ही आता उलटून बोलती, म्हशीची धार काढती आणि धार काढता काढता गाणी म्हणती, डोकं उठवलंय नुसतं. मी म्हटलं, गोळी कमी करायला सांगू का मॅडमना? तर घाईघाईनं म्हणाल्या, नगं नगं, असू द्या. मला त्या दिवसांत नोकरीवर जाताना पंख फुटल्यासारखं व्हायचं. भवानी पेठेतून मी गुणगुणत निघायची आणि शेजारणी विचारायच्या, अक्का, पगार वाढला काय?

मग नवरात्र आलं. घट बसून तिसरा दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला लॅबचा फोन वाजला. शेवंताबाई होत्या आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. सुरेखा उठत नाही, ओकती आहे, डोळे वर करती आहे. उपासाचं बाधलं असंल, काढा देऊ का?

मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? त्या म्हणाल्या, उपाशीपोटीची घेती की रोज. मी म्हटलं, आणि दुसरी?

"ती जेवल्यावर घ्यायची हाय न्हवं? नऊ दिवस उपास हाय तिचा. जेवलीच न्हाय, तर कशी घ्यायची?"

बिनतोड बोलली होती बाई. उपासाला फराळ करतात, साबुदाणा खातात, भगर खातात, रताळं खातात, पण त्याला जेवण कोण म्हणतं? मीच म्हणत नाही. मी स्वतः सोमवार धरते, कुणी विचारलं जेवलीस का तर थाळीभर खिचडी खाऊनही नाही म्हणते, उपास आहे. आणि मीच लिहिलं होतं, जेवणानंतर. श्रावणातल्या सोमवारीही तिनं तेच केलं होतं, पण संध्याकाळी उपास सोडल्यावर गोळी पोटात जायची, म्हणून निभावलं. आता तीन दिवस थायरॉइडची गोळी मात्र ती भक्तिभावानं घेत होती. अंगाला पळवणारी चालू, बळ देणारी बंद. मॅडमनी दोनदा जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या सुरेख अक्षरानं घडवून आणलं होतं.

मी ओरडले नाही. हळू आवाजात सांगितलं, की काढा नको, काही नको, तिला गाडीत घाला, गावातल्या दवाखान्यात न्या, आणि ते कार्ड घ्या, डॉक्टरांना आधी कार्ड दाखवा. शेवंताबाई म्हणाल्या, कार्ड देवाजवळ हाय. मी म्हटलं, घ्या की मग. त्या गप्प, आणि फोन बंद.

त्या गप्प का झाल्या ते मला नंतर कळलं. कार्ड हरवू नये म्हणून शेवंताबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, रोज हळदकुंकू वाहत होत्या त्याला. घट बसवताना ते खाली राहिलं. वर पत्रावळ, पत्रावळीत माती, मातीत पेरलेलं धान्य, त्यावर घट आणि शेजारी अखंड दिवा. आणि बसलेला घट नऊ दिवस हलवायचा नसतो. त्यांच्या घरात तो आजवर कधी हलला नव्हता. शेवंताबाईंच्या सासूला दिवस गेले होते तेव्हासुद्धा ती म्हणे घटाजवळून पदर सावरून जायची. फोन ठेवल्यावर शेवंताबाईंनी हात जोडले नाहीत, कुणाला विचारलं नाही. दोन्ही हातांनी घट उचलून बाजूला ठेवला, पत्रावळ ओढली आणि कार्ड काढलं.

मी इकडे मॅडमच्या समोर बसून होते. मॅडमनी फोनवर मंद्रूपच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पेशंट आली आहे, कार्ड हातात आहे, जरा पिवळं झालंय पण वाचता येतंय. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. मग पाऊण तास काहीच कळलं नाही. त्या पाऊण तासात माझं प्रोलॅक्टिन कुणी तपासलं असतं तर मशिननं हात जोडले असते. मी मॅडमना सांगितलं, पाकिटावर मी लिहिलं होतं. मॅडमनी फोन जवळ ओढून ठेवला. मग म्हणाल्या, "अक्का, उपास मीही धरते. आपल्या दोघींपैकी एकीलाही सुचू नये?"

दुपारी फोन आला. रक्तदाब वर आला, डोळे उघडले, पाणी मागितलं. मी जिन्यावर बसून रडले आणि मग हसले आणि मग दोन्ही एकदम. वरून उतरणाऱ्या एका पेशंटनं मला विचारलं, खाली सुई फार दुखते काय हो?

पुढच्या तपासणीसाठी तिला सोलापुरातल्या दवाखान्यात आणलं होतं, तिथं मी दुसऱ्या दिवशी गेले. सुरेखा उशीला टेकून बसली होती. चेहरा फिका, पण डोळे चकचकीत. मला बघून पहिला प्रश्न काय विचारावा? "अक्का, माजा उपास मोडला काय?"

मी आयुष्यभर सुया टोचलेली बाई. मी अधिकारवाणीनं सांगितलं, की इंजेक्शन तोंडातून जात नाही, शिरेतून जातं, त्यामुळे उपास मोडत नाही. सलाइनमध्ये मीठ आहे, पण तेही तोंडानं घेतलेलं नाही. तिला ते पटलं. मग मी शेवंताबाईंना म्हटलं, माझ्या लिहिण्यानं हे झालं, मला माफ करा. आणि तुमचा घटही हलला. शेवंताबाई सुनेच्या पायावरची चादर नीट करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हलला तर हलला. देवी काय माजी एकलीची हाय? हिचीबी हाय की."

मग थोड्या वेळानं, जणू काही किरकोळच आहे असं, म्हणाल्या की हिचे सोमवार, नवरात्र, सगळे उपास इथून पुढं मी धरणार. हिनं गोळी खायाची आन् गाणी म्हणायची. सुरेखा म्हणाली, तुमाला झेपायचं न्हाय. दोघी त्यावरून तिथंच भांडायला लागल्या आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

त्या दिवसापासून माझ्या हातून जेवणानंतर हा शब्द कुठल्याही पाकिटावर गेला नाही. मी लिहायला लागले, उपास असो, लग्न असो, सुतक असो, ही गोळी सकाळी उठल्यावर घ्यायचीच, सोबत चार शेंगदाणे खायचे. शेंगदाणे उपासाला चालतात, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ताप आला, उलटी झाली तर फोन करायचा, हेही खाली. अक्षर तेवढं सुरेख राहिलं नाही, कारण पाकीट लहान आणि मजकूर मोठा. माझं तेवढं अक्षर बिघडलं ते बरंच झालं असं मला वाटतं. पण तो दोन वर्षांपूर्वीचा कागद, ठसठशीत सहीचा, तो मात्र कुठल्याही पाकिटानं परत घेता आला नाही. तो शेवंताबाईंनी चुलीत घातला, असं सुरेखानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आता शेवटचं. पुढच्या वर्षी मे महिन्यातच, माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना, दोघी वर्षाच्या तपासणीला आल्या. लॅब भरलेली. सुरेखानं फुलाफुलांची सुती साडी नेसली होती. मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, अर्धा तास तोंड बंद म्हणून दम दिला आणि घड्याळ लावलं. शेवंताबाई शेजारच्या बाकावर बसल्या, मांडीवर तोच जुना एमआरआयचा पांढरा लिफाफा. कोपरे मळलेले, पण दर खेपेला आणायच्याच.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली. मशिन बॅटरीवर चालू राहिलं, पण पंखा थांबला. मेमधल्या दुपारी पंखा थांबला की लॅबमध्ये काय होतं ते विचारू नका. सगळ्या बायका पदर हलवायला लागल्या. मी घड्याळाकडे बघत होते, पाचच मिनिटं उरली होती. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"अक्का, लई उकडतंय की वो."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. नाकाच्या शेंड्यावर होता, ओठांच्या वर होता, मानेवरून ओघळून ब्लाउजच्या गळ्यात चालला होता. आठ वर्षांनी या बाईला सोलापुरात उकडलं होतं! शेवंताबाईंनी तो लिफाफा उचलला, बाकावरून उठून खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि सुनेला वारा घालायला लागल्या. आतल्या फोटोंचा खडखड आवाज होत होता. नियमानं ती बोलली होती, म्हणजे अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. मी घड्याळ पुन्हा लावलं आणि दोघींना तशाच राहू दिलं.